मेनाने बेकरीचे जुने जोड काढले त्याची गोष्ट

बल्गेरियातल्या आमच्या गाब्रोवोत डेटाबेस कोणाला कळतो, असं कुणालाही विचारा. यान्त्रा नदीच्या अलीकडे विचारा, पलीकडे विचारा. उत्तर एकच येणार, तेमेनुगा. मी स्वतः सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तेमेनुगा म्हणजे माझी धाकटी बहीण. घरात आम्ही तिला मेना म्हणतो. मी गान्चो, थोरला. शाळा मी मधेच सोडली, गाडी धरली, आणि आज राचेवाबाईंच्या बेकरीची व्हॅन चालवतो. डोंगरातल्या गावांना पाव जातो तो माझ्या हातून. बर्फ असो, धुकं असो, माझा पाव उशिरा आला असं कुणी तोंडावर म्हणून दाखवावं. पण ते राहू दे. आज मेनाचं सांगायला बसलोय.

मेना पहिल्यापासून अशीच. आमच्या तळघरात हिवाळ्यासाठी घातलेल्या बरण्या असतात, मिरच्या, काकड्या, आलुबुखाराचा मुरंबा. आईच्याने एक बरणी टाकवत नाही. दर शरदात फळ्या रिकाम्या करायचं काम आमच्यावर यायचं. माझी पद्धत सोपी, जुनं दिसलं की कचऱ्यात. मेना मात्र एकेक बरणी हातात घेऊन घरभर फिरायची. "हे कोण खातं? हे कोण खातं?" कोणी हो म्हटलं की बरणी परत फळीवर. मी एकदा वैतागलो, म्हटलं, "अगं टाक ना एकदाची!"

"टाकायला काय, कुणालाही येतं दादा," ती म्हणाली. "परत आणायला येतं का तुला?"

तेव्हा ती एवढीशी होती, शेंडी बांधायची. सांगा आता.

पुढे राजधानीत, सोफियात शिकली, तिथेच काही वर्षं नोकरी केली, मोठमोठ्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळले. मग परत आली. म्हणाली, तिथल्या टोमॅटोला वास नाही. मी म्हटलं, बरोबर. घराचा वरचा मजला मी तिच्यासाठी बांधला. विटा मी रचल्या, गिलावा मी केला, खिडकी तेवढी विकत आणली. राचेवाबाईंना मीच सांगितलं की माझ्या बहिणीला ठेवा. बाई म्हणाल्या, तू रोज कानाशी भुणभुणतोस त्यापेक्षा ठेवलेली बरी.

आता बेकरीचं समजून घ्या. कुठल्या दुकानाला कुठल्या दिवशी किती पाव, किती बानित्सा, म्हणजे आमची पापुद्र्यांची भाजलेली पोळी, पीठ केव्हा मागवायचं, अंडी केव्हा, हे सगळं एका डेटाबेसमध्ये आहे. तो बांधला दोन्चोकाकांनी. दोन्चोकाका आता निवृत्त होऊन वर डोंगरात राहतात, आलुबुखाराची राकिया, म्हणजे घरची दारू, गाळतात. हुशार माणूस. पण सवय अशी की काही नवीन हवं झालं की डेटाबेसला बाहेरून एक एक्स्टेंशन लावून द्यायचं. एक्स्टेंशन म्हणजे जोड. माझ्या व्हॅनला मागे सामानाचा कठडा लावलाय तसा. गाडी कंपनीची, कठडा वरून लावलेला. दुकानाचं नाव अर्धवट टाइप केलं तरी सापडावं म्हणून एक जोड, दुसऱ्या गोदामाशी बोलायला एक जोड, असं करत करत डेटाबेसच्या अंगावर जोडच जोड.

मग एक दिवस कळलं की डेटाबेसची ही आवृत्ती म्हातारी झाली. तिला आता दुरुस्त्या मिळणार नाहीत, नवीवर जायला हवं. आणि जुने जोड नवीवर चालत नाहीत. ते तसेच ठेवले तर नवी आवृत्ती उठतच नाही.

सोफियाच्या एका कंपनीने याचा वास घेतला. त्यांचा माणूस येऊन राचेवाबाईंना म्हणाला, हे सगळं फेकून द्या, आमचं तयार घ्या, तुम्हाला इथे माणूस ठेवायलाच नको.

माणूस म्हणजे मेना. तिचं काम गेलं की गाब्रोवोत तिच्या विद्येला दुसरं दार नाही. परत सोफिया. मी बांधलेल्या मजल्यावर मग काय, कांदे वाळत घालायचे?

मेना सरळ बाईंपुढे जाऊन उभी राहिली. मी पावाचे ट्रे उचलत होतो, सगळं ऐकलं.

"बाई, मी नेते नवीवर. एका दुकानाचा पाव चुकला, तर खुशाल सोफियाला देऊन टाका."

राचेवाबाई चष्म्यावरून बघतात. बघणं असं की आंबवलेलं पीठ खाली बसावं. म्हणाल्या, "आपण गाब्रोवोची माणसं, पोरी. दार पटकन बंद व्हावं, ऊब बाहेर जाऊ नये, म्हणून मांजराची शेपटी कापतो. तू डेटाबेसच्या शेपट्या काप."

"कापते बाई. पण आधी कुठली शेपटी कुणाची ते बघू द्या."

"बघ. ईस्टरपर्यंत बघ. ईस्टरनंतरच्या मंगळवारी सोफियावाला परत येतोय."

मग ती कामाला लागली. वरच्या मजल्यावर, माझ्या खिडकीपाशी. मी कामावरून आलो की चहा घेऊन वर जायचो आणि ती मला समजावून सांगायची. मला समजतं. लोकांना वाटतं ड्रायव्हरला काय समजणार. मला समजतं.

पहिली गोष्ट, डेटाबेसलाच विचारायचं, बाबा, तुझ्या अंगावर काय काय लावलंय? तो सांगतो. कुठला जोड, कितव्या आवृत्तीचा, आणि त्याची नवी आवृत्ती निघालीये का. ज्यांची निघाली होती ते तिने नवे करून घेतले. काही तर कुणीतरी मजेत लावून विसरलेले, त्यांना कोणी हाक मारत नव्हतं. ते काढायचे.

"काढ म्हटलं की निघतो?" मी विचारलं.

"कोणी त्याला धरून बसलं असेल तर डेटाबेस नाही म्हणतो. मग त्याला एक शब्द जास्त लिहिता येतो, सकट. म्हणजे धरून बसलेल्यांसकट काढ."

"मग लिही की!"

"तो शब्द मी लिहीत नाही दादा. भिंतीतला खिळा काढायचाय म्हणून फोटो, घड्याळ, पडदा सगळं ओढून खाली पाडायचं?"

"मी तसाच काढतो."

"माहितीये. आईच्या घड्याळाची काच अजून बसवायचीये तुला."

जुन्या जोडांमध्ये एकाचं नाव होतं कोंबडी. दोन्चोकाकांनी स्वतःच्या हाताने बनवलेला. मेनाने खऱ्या डेटाबेसला हात लावला नाही, आधी त्याची हुबेहूब प्रत केली आणि प्रतीला सांगितलं, कोंबडी काढ. निघाली. कोणीही धरून बसलेलं नाही.

मी म्हटलं, "झालं! एक शेपटी कमी."

ती म्हणाली, "थांब. जे उघड धरून बसलंय तेवढंच त्याला दिसतं. आत लिहून ठेवलेल्या कामांच्या मजकुरात कुणी तिचं नाव घेतलं असेल, तर ते त्याला कळत नाही. ते काम सुरू होईल तेव्हा बोंब."

म्हणून तिने प्रत्येक कामाचा मजकूर चाळला. आणि निघालीच की! वर्षातून एकदा उठणारं एक काम होतं, ईस्टरच्या कोझुनाकचं. कोझुनाक म्हणजे आमचा ईस्टरचा गोड पाव, पिळाचा, अंडी आणि लोणी घातलेला. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला. ती तारीख कोंबडी काढून द्यायची, मग त्या हिशेबाने अंडी मागवली जायची आणि दुकानांना कोझुनाक लागायचा. ईस्टर ठरला की अंडी ठरली, म्हणून नाव कोंबडी. दुसरा कोणी असता तर कापून मोकळा झाला असता. माझी बहीण नाही.

पण कोंबडी नवीवर चालणार नव्हती. मेनाने तिच्या जागी जगभर वापरतात तो सणवारांचा तयार जोड बसवला आणि प्रतीवर गेल्या वर्षीचा ईस्टर चालवून पाहिला. तारीख बरोबर, अंडी बरोबर, पाव बरोबर. मग एका रविवारी, भट्ट्या बंद असताना, बेकरी नव्या आवृत्तीवर गेली. सोमवारी पहाटे माझ्या व्हॅनमध्ये प्रत्येक दुकानाचा पाव जागच्या जागी. बोझेन्त्सीच्या दुकानदारणीला तर मी थांबून सांगितलं की आजचा पाव नव्या आवृत्तीवरचा आहे. ती म्हणाली, चव तीच लागतेय. मी म्हटलं, तीच तर कमाल आहे!

मग आला त्स्वेत्नित्साच्या आधीचा रविवार. त्स्वेत्नित्सा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, हा ज्यांच्या नावात फूल आहे त्या सगळ्यांचा नावाचा दिवस. तेमेनुगा हे जांभळं फूल, तेव्हा तो मेनाचा दिवस. त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं, लोक आपणहून येतात. पण आपणहून येणाऱ्यांच्या लक्षात राहावं म्हणून मी आधीच सांगत फिरलो होतो.

ईस्टरच्या आधीच्या लांब उपासात त्या दिवशी मासे तेवढे चालतात, म्हणून आई मासे कुठले आणायचे ते ठरवत होती. मेना स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलेली. तिने विचारलं, "दादा, किती जण येतील?"

"आपली गल्ली."

"बरं."

"आणि खालची गल्ली. आणि बेकरीतले. आणि बोझेन्त्सीची दुकानदारीण म्हणाली नवऱ्याला घेऊन येते."

"दादा! माझा नावाचा दिवस आहे की जत्रा?"

"डेटाबेस नवा केलास तू. लोकांना तुला बघायचंय."

आई म्हणाली, "एवढ्यांना मी काय घालू? मासे नदीतले सगळे आणले तरी पुरायचे नाहीत."

मेना हसली. "बेकरीतून बानित्सा मागवू. बघते, त्या आदल्या शनिवारी भट्ट्यांना जागा आहे का." तिने पुढच्या आठवड्याचं भट्टीचं वेळापत्रक उघडलं, आणि तिचा हात थांबला.

"जागा नाही?" मी विचारलं.

"सगळ्या भट्ट्यांवर कोझुनाक आहेत."

"कुठल्या शनिवारी?"

"येत्या. माझ्या दिवसाच्या आदल्या." ती पडद्याकडेच बघत होती. "दादा, माझ्या नावाच्या दिवशी ईस्टर कसा येईल? माझा दिवस ईस्टरच्या आधी आठवडा असतो. कायम असतो."

आईने छातीवर क्रूस काढला. "एक आठवडा आधी कोझुनाक? उपासाच्या दिवसांत लोणी आणि अंडी कोण खाणार?"

मेना मात्र मनाने पुढे निघून गेली होती. बोटं चालू, ओठ चालू. मग कपाळावर हात मारला. "रोमचा! तो जोड रोमचा ईस्टर धरतो. जगभर वापरतात म्हणजे तिकडचे लोक वापरतात. आपल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा बहुतेक वेळा वेगळा असतो."

"पण तू तपासलं होतंस."

"गेल्या वर्षावर तपासलं. आणि गेल्या वर्षी दोन्ही ईस्टर एकाच दिवशी होते!"

मी तिला एवढंच सांगितलं की ही चूक करायलाही डोकं लागतं. ती म्हणाली, "दादा, गप्प बस." गप्प बसलो. तिने आधी अंड्यांची मागणी थांबवली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप कोंबडीपालनवाल्याकडे जाणार होती. आणि लगेच फोन उचलला. मी म्हटलं, "बाईंना कशाला? आपण गुपचूप नीट करू." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी माशांच्या चर्चेत शिरलो.

"बाई, मी चुकले," मेना म्हणाली. फोनचा आवाज मोठा केलेला होता.

राचेवाबाई म्हणाल्या, "रविवारी? कामाच्या दिवशी चुकत जा गं, सुट्टी कशाला घालवतेस?"

मेनाने सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही.

"म्हणजे पोपसाहेबांचा ईस्टर लावलास माझ्या भट्ट्यांना?"

"हो बाई."

"अंडी गेली?"

"उद्या सकाळी जाणार होती. थांबवली. तुम्हाला न विचारता."

"विचारत बसली असतीस तर मी तुला काढलं असतं." पलीकडे कोंबडा आरवला, बाई अंगणात असाव्यात. "आता ऐक. अजून एकाही दुकानाचा पाव चुकलेला नाही. तेव्हा काम अजून तुझंच. ईस्टरला लोकांच्या टेबलावर कोझुनाक दिसला तर राहिलीस. नाही दिसला, तर मंगळवारी सोफियावाला आहेच. आणि तुझ्या भावाला सांग, सगळ्या बेकरीला जेवायला बोलावलंय, तर राकिया पुरेशी ठेव."

राकिया म्हटल्यावर दोन्चोकाका आले, आणि दोन्चोकाका म्हटल्यावर कोंबडी. मी मेनाला व्हॅनमध्ये बसवून लगेच वर डोंगरात गेलो. काका अंगणात पिंपं धूत होते.

"मेली का गं माझी कोंबडी?" त्यांनी दुरूनच विचारलं.

"झोपवलीये काका. जुन्या प्रतीत आहे. पण नवीवर उठत नाही, आणि तिचा मूळ मजकूर कुठेच सापडत नाही."

"माझ्या जुन्या मशीनबरोबर गेला तो. मशीन माझ्या पुतण्याने भंगारात दिलं."

"मग ती ईस्टर कसा काढायची तेवढं सांगा. मी डेटाबेसच्या आतच साधं काम लिहिते. बाहेरचा जोडच नको."

काका पिंपावर बसले. चंद्र, जुनी दिनदर्शिका, भागाकार, बाकी, असं बरंच काही सांगत राहिले आणि मेना पटापट लिहून घेत राहिली. मी मान डोलावली, मला जवळजवळ सगळं समजलं. शेवटी मेनाने विचारलं, "आणि तुम्ही तपासायचात कसं?"

"सासूबाईंना विचारायचो, यंदा ईस्टर कधी? जुळलं की झालं. एका वर्षी जुळलं नाही."

"मग?"

"मग मी कोंबडी दुरुस्त केली. सासूबाई कुठल्या दुरुस्त होतात?"

मेनाने सासूबाईंच्या भरवशावर सोडलं नाही. चर्चमधल्या जुन्या कॅलेंडरांतून वर्षावर वर्षं घेतली, आणि मुद्दाम अशी निवडली की ज्यांत आपला ईस्टर आणि रोमचा ईस्टर वेगळे आहेत. एक तर असं वर्ष घेतलं की दोघांत महिन्याहून जास्त अंतर. सगळी जुळली. मग प्रतीवर यंदाचं अख्खं काम चालवलं, अंड्यांपासून शेवटच्या दुकानापर्यंत. वेळापत्रकात कोझुनाक एक आठवडा पुढे सरकले, येता शनिवार मोकळा झाला, आणि तिने तिथे बानित्सा टाकल्या. मग त्या तयार जोडाला धरून कोण बसलंय ते बघितलं. कोणी नाही. आतल्या मजकुरात त्याचं नाव आहे का ते बघितलं. नाही. तेव्हा कुठे तिने एक ओळ लिहून तो काढला. सकट न लिहिता.

त्स्वेत्नित्साला आमच्या दारावर चर्चमधून आणलेल्या वाळुंजीच्या फांद्या, आणि दाराबाहेर रांग. दोन्चोकाका पिंप घेऊनच आले. मी प्रत्येकाला दारातच अख्खी हकिगत सांगत होतो, त्यामुळे आत जायला वेळ लागत होता. राचेवाबाई आल्या, मला म्हणाल्या, "बाजूला हो रे, तुझं भाषण मला आधीच पाठ झालंय." मेनाच्या हातात जांभळ्या फुलांची कुंडी दिली, मासा खाल्ला, आणि कामाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मेना हसत होती सगळ्यांशी, पण बशा उचलताना मला हळूच म्हणाली, "दादा, शनिवार जाऊ दे एकदा."

पुढच्या आठवड्यात अंडी आली, ठरल्या दिवशी. भट्ट्या पेटल्या तशी अख्ख्या गल्लीला लिंबाच्या सालीचा आणि व्हॅनिलाचा वास. ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी व्हॅन भरली. मेना म्हणाली, मी पण येते. कधी येत नाही ती, त्या दिवशी आली. प्रत्येक दुकानात ती खाली उतरायची, ट्रे मोजायची, दुकानदाराचं तोंड बघायची. एका वळणावरच्या दुकानात म्हातारा मालक म्हणाला, "दोन कमी आहेत." मेनाचा चेहरा पांढरा. मी पुढच्या सीटखाली हात घातला, तिथे ट्रेमधून घरंगळलेले दोन कोझुनाक. माझी चूक, वळण मी जरा जोरात घेतलं होतं. डेटाबेसची नाही! म्हाताऱ्याला मी हे तीनदा बजावून सांगितलं.

शेवटच्या दुकानातून परत येताना प्रत्येक खिडकीत ईस्टरसाठी रंगवलेली लाल अंडी मांडलेली दिसत होती. मेना सीटवर मागे टेकली आणि गावात शिरेपर्यंत झोपून गेली.

मंगळवारी सोफियावाला आला, चकचकीत बूट घालून. राचेवाबाईंनी त्याला बसवलं, कॉफी दिली, कोझुनाकचा जाड तुकडा पुढे केला. मी पिठाची पोती उतरवत होतो, दाराजवळचीच पोती आधी घेतली.

"कसा झालाय?" बाईंनी विचारलं.

"उत्तम," तो म्हणाला, तोंड भरलेलं.

"आणि ईस्टरलाच झालाय. तुमच्या तयार मालात आमचा ईस्टर आहे की रोमचा?"

त्याने घास गिळला. "ते... विचारून सांगावं लागेल."

"आमच्याकडे विचारून झालंय." बाईंनी उरलेला कोझुनाक कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. "घरी मुलांना न्या." मग मेनाकडे वळल्या. "आणि तू काय उभी आहेस? शेजारच्या त्र्याव्ना गावच्या बेकरीचे मालक मघाशीच फोनवर होते. तिथेही दोन्चोनेच हात फिरवलाय. काय काय जोडून ठेवलंय ते जाऊन बघ. काम कायमचं आहे, दोन्ही बेकऱ्यांचं."

मी पोतं टाकलं आणि टाळ्या वाजवल्या. पिठाचा ढग उठला, सोफियावाल्याचे बूट पांढरे झाले. बाई ओरडल्या, पण हसत ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन दारात लावली, मेनाला त्र्याव्नाला सोडायला. ती लॅपटॉपची पिशवी घेऊन पुढे बसली. आई खिडकीतून वाकून म्हणाली, "संध्याकाळी जेवायला घरी येणार ना?"

"येणार," मेना म्हणाली. "रोज येणार."